बालोच्या मूर्तीची मालकी लुसांगाकडे सोपवावी

प्रति,
अध्यक्ष, संचालक आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य,
व्हर्जिनिया म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स, रिचमंड, अमेरिका

सन्माननीय विश्वस्तहो,

काँगोतील पेंडे समाजाच्या कारागिराने १९३१ च्या सुमारास लाकडात कोरलेली, मॅक्सिमिलियन बालो या बेल्जियन अधिकाऱ्याची मूर्ती आपल्या संग्रहालयाने २०१५ मध्ये विकत घेतली. ही मूर्ती लुसांगा या गावातील मळेकामगार कलावंतांच्या आणि पेंडे समाजाच्या कायमची स्वाधीन करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र मराठीतून जाहीरपणे लिहिले जात आहे. या विनंतीमागे आपल्या मूर्तीला दुरावलेल्या समाजाविषयीची सहानुभूती आहेच. परंतु तिचा खरा आधार लुसांगात गेल्या दहा-बारा वर्षांत निर्माण झालेली कला हा आहे. स्वतंत्र राष्ट्र म्हणून मिळालेली ओळख आणि प्रत्यक्षात चालू राहिलेले आर्थिक परावलंबन यांचे नाते या कलेने इतके उघड करून दाखवले आहे, की ती पाहणाऱ्या प्रत्येक संग्रहालयाला स्वतःच्या व्यवहाराचा फेरविचार करणे भाग पडावे.

रिचमंड, लुसांगा आणि मराठी मुलूख यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होईल, आणि त्याचे उत्तर इतिहासातच आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, रिचमंड ही फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांची राजधानी होती. त्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे गुलामांच्या श्रमावर पिकवलेला तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, त्याची जागा वऱ्हाड, खानदेश आणि गुजरात येथील कापसाने घेतली, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि १८६५ मध्ये त्याच मुंबईतील बँका व कंपन्या बुडाल्या. ज्या शेतकऱ्याने तो कापूस पिकवला त्याच्या हाती ना तेजी होती ना मंदी. दुसरा धागा साबणाचा आहे. लेव्हर कंपनीचा सनलाइट साबण १८८८ पासून भारतात विकला जाऊ लागला, १९३४ मध्ये मुंबईत शिवडीच्या कारखान्यात साबणाचे उत्पादन सुरू झाले, आणि ज्या उद्योगसमूहाचा तो कारखाना होता त्याच समूहाचे पामतेलाचे मळे काँगोमध्ये होते. दूरच्या बाजाराने ठरवलेल्या भावावर जगण्याचा अनुभव असलेल्या समाजाने लुसांगाची बाजू मांडावी, यात म्हणूनच अप्रस्तुत असे काही नाही.

काँगोतील त्या मळ्यांचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण बालोची मूर्ती त्याच इतिहासातून जन्मली. १८८५ ते १९०८ या काळात काँगो ही बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होती आणि १९०८ नंतर ती बेल्जियम राष्ट्राची वसाहत झाली. १९११ मध्ये बेल्जियन सरकारने विल्यम लेव्हर या इंग्रज साबण उत्पादकाशी करार केला. नकाशावर प्रत्येकी साठ किलोमीटर त्रिज्येची पाच वर्तुळे आखण्यात आली आणि त्यांच्या आत एकूण साडेसात लाख हेक्टरपर्यंत जमीन निवडून घेण्याचा हक्क त्याच्या कंपनीला देण्यात आला. त्यांपैकी एका वर्तुळाच्या केंद्राला लेव्हरव्हिल असे नाव मिळाले. तेच आजचे क्विलू प्रांतातील लुसांगा होय. कागदोपत्री तेथे मजुरी दिली जात असली तरी व्यवहारात वसाहतीचे प्रशासन गावागावांतून सक्तीने माणसे पुरवत असे, उंच झाडांवर चढून पामफळांचे घड उतरवण्याचे काम ठरलेल्या मापाने पुरे करावे लागे, आणि नाकारणाऱ्याला शिक्षा होत असे. ज्याला मराठीत वेठबिगार म्हणतात त्याच जातीची ही व्यवस्था होती. १९२९-३० मध्ये लेव्हर बंधूंची कंपनी आणि डच मार्गारिन कंपनी एकत्र येऊन युनिलिव्हर हा उद्योगसमूह स्थापन झाला.

याच सुमारास जागतिक मंदी आली, पामफळांना मिळणारा मोबदला घटला, आणि वसाहत सरकारची डोईपट्टी, म्हणजे प्रत्येक प्रौढ पुरुषाने रोखीत भरावयाचा कर, मात्र डोक्यावर कायम राहिली. कमी पैशात अधिक फळे तोडण्याची सक्ती आणि मजूरभरतीच्या मोहिमेत काफुची या पेंडे स्त्रीवर झालेला बलात्कार यांमुळे १९३१ मध्ये उठावाची ठिणगी पडली. जून महिन्यात बेल्जियन अधिकारी बालो मारला गेला, आणि त्यानंतर वसाहतीच्या लष्कराने केलेल्या कारवाईत पाचशेहून अधिक पेंडे माणसे ठार झाली. मारल्या गेलेल्या बालोचा संतप्त आत्मा समाजाला छळू नये, उलट त्याची शक्ती समाजाच्या रक्षणासाठी वळवता यावी, या श्रद्धेने त्याची मूर्ती कोरली गेली आणि दीर्घकाळ दडवून ठेवली गेली. पुढे १९७२ मध्ये एका अमेरिकी अभ्यासकाने ती काँगोमध्ये विकत घेतली आणि त्याच्याकडून ती आपल्या संग्रहात आली. ती शोभेसाठी घडवलेली नव्हती. सत्ता गाजवणाऱ्याला आपल्या नियमांखाली आणण्याचे ते साधन होते, आणि म्हणूनच ती कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न तिच्या अर्थापासून वेगळा काढता येत नाही.

३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला, परंतु राजकीय स्वातंत्र्याबरोबर आर्थिक स्वातंत्र्य आले नाही. पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची जानेवारी १९६१ मध्ये हत्या झाली, आणि त्यांच्या देहाचा उरलेला एकमेव अवशेष, एक दात, बेल्जियमने त्यांच्या कुटुंबाला परत दिला तो थेट जून २०२२ मध्ये. मोबुटू सेसे सेको यांच्या हुकूमशाहीने १९७१ मध्ये देशाचे नाव झाईर असे बदलले आणि युरोपीय नावे, युरोपीय पोशाख टाकून अस्सल आफ्रिकी ओळख धारण करण्याचे धोरण पुकारले. बेल्जियमच्या संग्रहालयांतील वस्तू परत मिळाव्यात ही मागणी मोबुटूंनी संयुक्त राष्ट्रसंघापुढेही मांडली. पण नावे बदलली तरी तांबे, कोबाल्ट आणि तेल यांचे भाव बाहेरच ठरत राहिले. राष्ट्राची ओळख वरून जाहीर करणे आणि राष्ट्राची संपत्ती बाहेर जात राहणे, या दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

या विसंगतीची नोंद काँगोच्या चित्रकारांनी आधीच घेतली होती. चिबुंबा कांडा मातुलू या चित्रकाराने १९७०च्या दशकात देशाचा संपूर्ण इतिहास शंभराहून अधिक चित्रांच्या मालिकेत रंगवला आणि त्यात वसाहतीची सत्ता, खाणमालक व नवे राज्यकर्ते यांना एकाच सलग कथेत बसवले. लुबुंबाशी या खाणशहरातील सॅमी बालोजी यांनी २००६ च्या 'मेम्वार' या छायाचित्रमालिकेत वसाहतकाळातील मजुरांची जुनी छायाचित्रे कापून ती आजच्या ओसाड कारखान्यांच्या छायाचित्रांवर बसवली, ज्यामुळे श्रम करणारी माणसे आणि त्या श्रमाचे उजाड झालेले फळ एकाच चौकटीत दिसू लागले. या कलावंतांनी परावलंबनाचे चित्र काढले. लुसांगाच्या कलावंतांनी त्यापुढचे पाऊल टाकले: कलेची विक्री, कलेची जागा आणि कलेतून येणारा पैसा यांनाच त्यांनी कलाकृतीचा भाग केले.

२०१४ मध्ये स्थापन झालेल्या काँगोलीज मळेकामगार कला मंडळाचे, म्हणजे आपल्या आद्याक्षरांनी 'सीएटीपीसी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे, कार्य असे चालते. सेडार तामासाला, मातिए कासियामा, म्बुकु किम्पाला, इरेन कांगा आणि त्यांचे सहकारी लुसांगात नदीकाठच्या मातीची शिल्पे घडवतात. त्या शिल्पांची त्रिमितीय प्रतिमा संगणकावर उतरवून ती युरोपात पाठवली जाते आणि तेथे त्यांचे साचे करून चॉकलेटमध्ये, पुढे कोको व पामतेल यांच्या मिश्रणात, शिल्पे ओतली जातात. माध्यमाची ही निवड विचारपूर्वक केलेली आहे, कारण मळ्यावरचा माणूस जो माल पिकवतो आणि ज्याची खरी किंमत दुसरीकडे वसूल होते, तोच माल येथे त्याच्या स्वतःच्या कलाकृतीचे शरीर होतो. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्कल्प्चर सेंटरमध्ये या शिल्पांचे प्रदर्शन भरले. इरेन कांगा यांनी २०२० मध्ये काफुचीवरील अत्याचाराला शिल्परूप दिले, आणि ज्या स्त्रीचा उल्लेख सरकारी इतिहासात क्वचितच होता ती उठावाच्या कथेच्या मध्यभागी आली. विक्रीच्या पैशातून मंडळाने कंपनीच्या मळ्यांनी निकस केलेली जमीन परत विकत घेण्यास सुरुवात केली. आज दोनशे हेक्टरच्या आसपास जमिनीवर एकाच पिकाच्या जागी झाडे, अन्नपिके आणि फळे यांची मिश्र लागवड उभी राहत आहे. पर्यावरण कार्यकर्ते रेने न्गोंगो हे मंडळाचे अध्यक्ष राहिले आहेत, यावरून कला आणि जमीन या दोन गोष्टी तेथे वेगळ्या मानल्या जात नाहीत हे ध्यानात यावे.

२०१७ मध्येच लुसांगात एक पांढरेशुभ्र प्रदर्शनगृह उभे राहिले. आधुनिक कलाविश्वात 'व्हाइट क्यूब', म्हणजे पांढरा घन, ही संज्ञा ज्या दालनातील कोऱ्या पांढऱ्या भिंती कलाकृतीला तिच्या भोवतालापासून तोडून स्वयंपूर्ण भासवतात अशा दालनासाठी वापरली जाते. त्या कोऱ्या भिंतींचा पैसा कोठून आला, हे भिंती सांगत नाहीत. लेव्हरने इंग्लंडमध्ये आपल्या साबणनगरीत, पोर्ट सनलाइट येथे, १९२२ मध्ये पत्नीच्या नावाने कलादालन उघडले. लंडनच्या टेट मॉडर्नमधील भव्य दालनात २००० ते २०१२ या काळात जगभरातील नामवंत कलावंतांची मांडणशिल्पे युनिलिव्हरच्या प्रायोजकत्वाखाली सादर झाली. मळे एकीकडे आणि संग्रहालये दुसरीकडे, अशी ही शंभर वर्षांची वाटणी आहे. तोच पांढरा घन मळ्याच्या मधोमध आणून ठेवल्याने ही वाटणी प्रथमच डोळ्यांसमोर आली.

या प्रकल्पावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. मंडळाच्या स्थापनेत आणि प्रदर्शनगृहाच्या उभारणीत रेन्झो मार्टेन्स या डच कलावंताचा मोठा वाटा आहे. युरोपातील निधी, युरोपातील दालने आणि युरोपातील ग्राहक यांच्यावाचून हे काम चालले नसते, म्हणून परावलंबनावर टीका करणारी ही कलाच परावलंबी आहे, असे टीकाकार म्हणतात. या टीकेत तथ्य आहे. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष असा, की मंडळाच्या हाती स्वतःची साधने जितकी अधिक येतील तितके ते या अवलंबनातून मोकळे होईल. जमीन हे असे एक साधन आहे आणि बालोची मूर्ती हे दुसरे. टीका मान्य करूनही मूर्ती रिचमंडमध्येच ठेवावी असे म्हणणे म्हणजे परावलंबनाचे निदान करून औषध नाकारण्यासारखे आहे.

मूर्तीच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत जे घडले ते आपण जाणताच. २०२२ मध्ये मंडळाने मूर्तीच्या प्रतिमेवर आधारित एनएफटी, म्हणजे संगणकीय नोंदवहीत मालकी नोंदवलेल्या डिजिटल प्रती, विक्रीस काढल्या आणि त्यातून जमीन खरेदीसाठी पैसा उभा करण्याचा मार्ग शोधला. आपल्या संग्रहालयाने प्रतिमेच्या या वापराला आक्षेप घेतला. ज्या समाजाने मूर्ती घडवली त्याला तिच्या छायाचित्रासाठीही अनुमती लागते, ही गोष्ट त्या प्रसंगाने जगापुढे आली. त्यानंतर २०२४ मध्ये आपण ती मूर्ती लुसांगाला उसनी दिली, आणि या निर्णयाबद्दल आपले अभिनंदन केलेच पाहिजे. त्याच वर्षी व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे जेथे अनेक राष्ट्रे आपापल्या दालनात आपली कला मांडतात त्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात, नेदरलँड्सने आपले दालन हिशाम खालिदी यांच्या संयोजनाखाली लुसांगाच्या कलावंतांना दिले. राष्ट्राच्या नावाने बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या राष्ट्रातील मळेकामगारांची शिल्पे उभी राहिली, आणि लुसांगाच्या पांढऱ्या घनात ठेवलेल्या मूर्तीचे थेट प्रक्षेपण व्हेनिसमध्ये दाखवले गेले. राष्ट्रीय ओळख ही एका राष्ट्राच्या सीमेत बनत नाही, तिच्या घडणीत दुसऱ्यांचे श्रम मुरलेले असतात, हे विधान इतक्या प्रत्यक्ष रूपात क्वचितच मांडले गेले असेल.

तरीही उसने देणे आणि सोपवणे यांत मूलभूत अंतर आहे, आणि महाराष्ट्राला ते अनुभवाने ठाऊक आहे. शिवकालाशी जोडली गेलेली वाघनखे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून २०२४ मध्ये साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या मुदतीने; लोकांनी ती मोठ्या ओढीने पाहिली, पण मुदत कोण ठरवणार आणि वाढवणार हे लंडनच्याच हाती राहिले. २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने ती सुमारे सत्तेचाळीस लाख रुपये मोजून विकत घेतली. एका राज्य सरकारला हे शक्य झाले. क्विलू प्रांतातील मळेकामगारांना आपली गमावलेली जमीनही चॉकलेटची शिल्पे विकून तुकड्यातुकड्याने सोडवावी लागत आहे. मूर्तीही त्यांनी बाजारभावाने सोडवावी, अशी अपेक्षा कोणताही न्यायी माणूस करणार नाही. उसनवारीत वस्तू येते आणि जाते, नियम मात्र देणाऱ्याचेच राहतात, आणि हीच परावलंबनाची व्याख्या आहे.

आपल्या बाजूने काही हरकती मांडल्या जाऊ शकतात. पहिली कायद्याची: मूर्ती लुटलेली नाही, ती १९७२ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पैसे देऊन घेतलेली आहे. हे खरे आहे आणि या पत्रात आपल्यावर कोणताही गैरव्यवहाराचा आरोप नाही. परंतु खरेदी कायदेशीर असणे हा चर्चेचा शेवट नव्हे. १९११ चा लेव्हर करारही कायदेशीरच होता. दुसरी हरकत जतनाची: लाकडी वस्तूला सांभाळणारी व्यवस्था तेथे आहे काय? २०२४ मध्ये आपण स्वतःच मूर्ती तेथे पाठवली, यातच या प्रश्नाचे उत्तर आले. तिसरी हरकत अधिक अवघड आहे: पेंडे समाज मोठ्या प्रदेशात पसरलेला असताना लुसांगाचे एक मंडळ त्या सर्वांचे प्रतिनिधी कसे? याचे उत्तर असे, की मूर्तीची अंतिम व्यवस्था पेंडे गावांचे प्रमुख, ज्येष्ठ आणि मंडळ यांनी आपसांत ठरवावी. तो निर्णय अवघड असला तरी तो त्यांचा आहे, आणि त्यांच्यात एकमत होईपर्यंत मालकी रिचमंडकडे राहावी असे म्हणण्याला आधार नाही. चौथी हरकत अशी, की मोठ्या संग्रहालयात वस्तू असल्यास ती जगाला पाहता येते. ज्या मुलांच्या पणजोबांनी तो उठाव केला ती मुले या जगात मोजली जातात काय, एवढाच प्रश्न येथे विचारणे पुरेसे आहे.

आपल्या संग्रहालयाला हा विचार नवा नाही, म्हणूनच ही विनंती आशेने केली जात आहे. रिचमंडच्या मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवर गुलामीच्या बाजूने लढलेल्या सेनापतींचे पुतळे उभे असतानाच, डिसेंबर २०१९ मध्ये आपण केहिंडे वायली यांचे 'रूमर्स ऑफ वॉर' हे शिल्प आपल्या दारात उभारले. जुन्या सेनापतीच्या अश्वारूढ पुतळ्याचीच मांडणी घेऊन त्यात आजच्या कृष्णवर्णीय तरुणाला स्वाराच्या जागी बसवणारे ते शिल्प, सार्वजनिक जागेत कोणाची आठवण उभी राहावी हा प्रश्न निर्भयपणे विचारते. २०२३ मध्ये आपण चाळीसहून अधिक प्राचीन वस्तू इटली, इजिप्त आणि तुर्कस्तान या देशांकडे परत पाठवल्या. त्या वस्तूंच्या बाबतीत चोरीचे पुरावे समोर आले होते, बालोच्या मूर्तीच्या बाबतीत तसे पुरावे नाहीत; म्हणजेच येथे तपासयंत्रणेच्या दबावाशिवाय, स्वतःच्या विवेकाने निर्णय घेण्याची संधी आहे, आणि असा निर्णय जगभरातील संग्रहालयांसाठी अधिक मोलाचा दाखला ठरेल.

तेव्हा या पत्राच्या मागण्या तीन आहेत. बालोच्या मूर्तीची मालकी पेंडे समाजाच्या सल्ल्याने लुसांगाकडे विनामूल्य हस्तांतरित करावी. तिच्या सर्व छायाचित्रांचे आणि डिजिटल प्रतिमांचे हक्क त्याच वेळी सोपवावेत, कारण आजच्या बाजारात प्रतिमा हीदेखील मिळकत आहे. आणि रिचमंडमधील ज्या जागी मूर्ती ठेवली जात असे तेथे, लुसांगाच्या कला मंडळाची संमती असल्यास, लुसांगाच्या कलावंतांनी घडवलेले शिल्प ठेवून त्याशेजारी लेव्हरव्हिल, १९३१ चा उठाव आणि मूर्तीचा प्रवास यांची माहिती लिहावी, म्हणजे आपल्या प्रेक्षकांनाही काही गमावल्यासारखे वाटणार नाही. ज्या संग्रहालयाजवळ हजारो उत्तम वस्तू आहेत त्याला एक मूर्ती दिल्याने उणेपणा येणार नाही, आणि ज्या गावाने जमीन, श्रम व इतिहास असे सर्व काही बाहेर जाताना पाहिले त्याला ती मिळाल्याने आपल्या भविष्याविषयी स्वतः निर्णय घेण्याचे बळ येईल.

विश्वस्त मंडळाने हा विषय आपल्या येत्या सभेत चर्चेस घ्यावा आणि निर्णय कारणांसह जाहीर करावा, ही आग्रहाची विनंती आहे. मराठी वाचकांनाही एक आवाहन आहे: साताऱ्याच्या वाघनखांसाठी आणि नागपूरच्या तलवारीसाठी जो न्याय आपण मागितला, तोच लुसांगाच्या मूर्तीसाठी मागितला पाहिजे, कारण स्वतःपुरता मागितलेला न्याय हा न्याय नसतो.

कळावे.